पत्र्याच्या नदीला भरती आली

मी एक जुनी नदी आहे, मित्रांनो, पण माझ्यात मासे नाहीत आणि माझ्या काठावर झाडंही नाहीत. मी पत्र्याची आहे. चाळीतल्या खोलीत तिरकी ठेवली तरच मावते एवढी लांब, आणि खोल म्हणाल तर वीतभरही नाही. तरी माझ्यात पाणी सोडलं की ते खऱ्या नदीसारखं खाली धावतं, वळणावर घुटमळतं आणि शेवटी रुंद होऊन पसरतं. त्या दिवशी मला काही सुचेनासं होतं, इतका आनंद होतो. म्हणून गोष्ट सांगताना मी मध्येच भरभर बोलू लागले, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म चिंचपोकळीचा. स्टेशनजवळच्या गल्लीत गुणाजी नावाच्या कारागिराचा एक गाळा होता. गुणाजी आधी गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी हा गाळा घेतला आणि पत्र्याच्या टाक्या, पन्हळी, डबे असं काय काय बनवू लागले. त्यांचं गाव कोकणात, ओवळी नदीच्या काठी. नदी जिथे खाडीला मिळते तिथली खाजणवाडी ती त्यांची. त्याच नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरच्या कातळात, सडेवाडी आहे. दोन्ही वाड्यांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत येत राहिली आणि लालबाग-परळला त्यांचं एकच ग्रामस्थ मंडळ होतं. मंडळाची लालबागच्या एका चाळीत खोली होती.

मंडळाचे अध्यक्ष तात्या एकदा गाळ्यावर आले आणि म्हणाले, "गुणाजी, आपल्या पोरांना गावची नदी ठाऊक नाही. संमेलनात दाखवायला एक नदी करून दे."

"चित्र काढून घ्या की कुणाकडून," गुणाजी म्हणाले.

"चित्र कशाला? तू पत्र्यातला माणूस. वाहणारी कर."

झालं. गुणाजींनी दुसऱ्याच दिवशी पत्रा कापायला घेतला. खालचं पात्र त्यांना तोंडपाठ होतं. खाडी, खाजणातली म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीतली भातशेती, खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध, बांधातली लाकडी झडप, तीन विहिरी, सगळं त्यांनी आठवणीने बसवलं. वरचं पात्र मात्र त्यांना नीट माहीत नव्हतं. मग सडेवाडीच्या आनंदीबाई परळहून गाळ्यावर येऊन बसू लागल्या. लग्नाआधीपासून त्या हंडे घेऊन सड्यावरून, म्हणजे त्या कातळमाथ्यावरून, नदीत उतरत असत. त्या म्हणत, "इथे सरळ नको. इथे नदी डोंगराला घासून वळते. आणि घाट एवढा सोपा दाखवू नका, भाऊ, चढताना मान मोडून यायची." गुणाजी न कुरकुरता पत्रे जोडणारे कथलाचे डाग काढून टाकत आणि पुन्हा जोडत. अशी मी दोघांच्या आठवणींतून तयार झाले. वर सिमेंट-वाळूचा हात फिरला, रंग लागला, आणि एका टोकाला बादली उपडी करून माझ्यात पहिलं पाणी सोडलं गेलं.

मित्रांनो, ते पहिलं पाणी मी कधी विसरणार नाही. ते वळणावळणाने निघालं, आनंदीबाईंच्या वळणावर जरा थांबलं, मग सुसाट खाली गेलं आणि गुणाजींच्या खाडीत पसरलं. आनंदीबाई उभ्या राहून बघत होत्या. "अगदी अशीच," एवढंच त्या म्हणाल्या.

दादरच्या एका सभागृहात दर वर्षी संमेलन भरायचं, तिथे मी मानाने जाऊन बसायचे. मुंबईत जन्मलेली मुलं माझ्यात कागदाच्या होड्या सोडत. म्हातारी माणसं बोट ठेवून सांगत, "इथे आपला आंबा. इथे शाळा. इथे मी बुडता बुडता वाचलो." हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझ्याजवळ फोटो काढत. मला वाटायचं, हे असंच चालत राहणार.

पण खऱ्या ओवळीवर काहीतरी मोठं घडत होतं. सडेवाडी आणि तिच्या आजूबाजूच्या वाड्यांनी मिळून उपसा सिंचन योजना उभी केली. नदीवर मोठाले पंप बसले. डोंगर चढून पाणी सड्यावर गेलं. जिथे काजूसुद्धा धड लागत नव्हते, तिथे केळी, कलिंगडं, भाजी होऊ लागली. नजर पोचेल तिथपर्यंत ठिबकच्या काळ्या नळ्या पसरल्या. मुंबईत नोकरीला असलेली सडेवाडीची कितीतरी तरुण मुलं गावी परतली. आनंदीबाईंचा मुलगा गौतम परळच्या एका इस्पितळात रक्त तपासण्याचं काम करायचा. तो सुट्टी मिळाली की गावी जायचा आणि योजनेचं मुंबईतलं सगळं काम बघायचा. पहिलं कलिंगड त्याने मंडळाच्या खोलीत आणून कापलं, तेव्हा सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. खाजणवाडीच्या माणसांनीसुद्धा.

मग एका उन्हाळ्यात खाजणवाडीच्या विहिरी खारट झाल्या.

समुद्राची भरती खाडीतून वर चढते, हे तुम्हाला माहीत असेल. नदीचं गोडं पाणी जोरात येत असलं तर ते भरतीला अडवून धरतं. नदीचा जोर कमी झाला की खारं पाणी वर वर सरकत येतं आणि जमिनीतून विहिरींत शिरतं. वर पंप चालत होते, खाली जोर उरला नव्हता.

खाजणवाडीच्या सुभद्राकाकी लालबागला मंडळाच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. त्या गावाहून आल्या त्या तिथल्या विहिरीच्या पाण्याचा कॅन घेऊनच. मंडळाची सभा होती. काकींनी नेहमीसारखा सगळ्यांना चहा दिला. पहिला घोट घेतला तसा तात्यांचा चेहरा बदलला. गौतमने कप खाली ठेवला.

"काय झालं?" काकी म्हणाल्या. "माझी जाऊ गावी रोज ह्योच चहा पिते. तुम्हाला एक घोट जात नाय?"

मग गौतम उठला. आवाज चढवला नाही त्याने. "काकी, चहा खारट लागला, खरं आहे. पण माझ्या आईने जन्मभर डोक्यावरून पाणी वाहिलं. तेव्हा खालून कुणी विचारायला आलं नाही, की बाई, वर पाणी पोचतं का. आता कुठे पोचलं, तर तुम्ही म्हणता पंप बंद करा."

"बंद करा म्हणाले मी?"

"मग काय म्हणता?"

"आमची विहीर गोड करून दे, एवढंच म्हणते. तू शिकलेला आहेस."

त्यानंतर बोलणं वाढत गेलं. दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांच्या बापजाद्यांपर्यंत पोचली. शेवटी कुणीतरी म्हणालं, मंडळच वेगळं करा, खालच्यांचं वेगळं, वरच्यांचं वेगळं. त्या वर्षी संमेलन झालं नाही. मला माळ्यावर चढवलं. माझ्या अंगावर जुने बॅनर पडले, मोडक्या खुर्च्या पडल्या, कुणीतरी गोणपाट टाकलं. माझा मातीचा बांध खुर्चीच्या पायाने एका जागी फुटला. कोरड्या नदीला किती शांत वाटतं, ते मी तेव्हा शिकले. ती शांतता चांगली नव्हती.

पंपांचं प्रकरण सरकारकडे गेलं. पुढच्या वर्षीपासून योजनेने उन्हाळ्यात किती पाणी उचलायचं, यावर मुंबईत एक सुनावणी ठरली. दोन्ही बाजूंनी वकील शोधायला सुरुवात केली.

गुणाजींची मुलगी सुचित्रा ठाकूरद्वारला राहायची. ती इंजिनिअरिंग कॉलेजात पाणी कसं वाहतं हाच विषय शिकवायची. एका रविवारी ती मंडळाच्या खोलीत आली, तात्यांकडून चावी घेतली आणि माळ्यावर चढली. धुळीने तिला शिंका येत होत्या. तिने माझ्यावरचं गोणपाट ओढलं आणि खाली उभ्या असलेल्या वडिलांना म्हणाली, "बाबा, ही चालेल. हिला फक्त समुद्र नाहीये."

"समुद्र कुठून आणू?" गुणाजी म्हणाले.

"पत्र्याचा करा."

मित्रांनो, मला टेम्पोत घालून पुन्हा चिंचपोकळीच्या गाळ्यावर नेलं, तेव्हा मी आतून नुसती उसळत होते. गुणाजींनी माझ्या खालच्या टोकाला पत्र्याची एक पेटी जोडली आणि तिला साखळी लावली. साखळी ओढून पेटी वर उचलली की तिच्यातलं पाणी माझ्यात चढायचं. ती झाली भरती. खाली सोडली की ओहोटी. पेटीतल्या पाण्यात सुचित्राने मीठ मिसळलं आणि लाल रंग टाकला. खारं पाणी जड असतं, ते गोड्या पाण्याखालून, तळातळाने सरकतं. वरून बघणाऱ्याला पत्ताच लागत नाही. म्हणून माझी एक कड कापून तिथे जाड पारदर्शक काच बसवली. माझ्या पोटातलं सगळं आता बाहेरून दिसणार होतं. जरा लाज वाटली, पण मजाही वाटली.

मग सुचित्राने गौतमला बोलावलं. तो दारातच उभा राहिला. "ही तुमच्या घरची नदी," तो म्हणाला. "ती तुमच्याच बाजूने वाहणार."

"म्हणूनच तुला बोलावलं," सुचित्रा म्हणाली. "पंप तू बसव. पाणी किती ओढायचं, कधी ओढायचं, तू ठरव. मी हात लावणार नाही."

त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग आत आला. माशांच्या टाकीत असतात तसले लहान पंप त्याने आणले आणि माझ्या वरच्या वळणावर एकेक करून बसवले. सड्याच्या जागी पत्र्याच्या उथळ ताटल्या ठेवल्या, ती शेतं. काम करता करता तो गुणाजींना डाग कसा द्यायचा ते विचारू लागला. दुसऱ्या रविवारी तो आईलाही घेऊन आला. आनंदीबाईंनी माझं वरचं वळण हाताने चाचपून पाहिलं आणि गुणाजींना विचारलं, "गुडघे कसे आहेत, भाऊ?" दोन्ही बाजूंमध्ये कितीतरी महिन्यांनी कुणी असं काही विचारलं होतं.

मग दोन्ही वाड्यांसमोर मला चालवून बघायचा दिवस आला. दादरचं तेच सभागृह, पण होड्या नव्हत्या. एका बाजूला खाजणवाडी बसली होती, एका बाजूला सडेवाडी, मध्ये मी. गुणाजींनी माझ्या डोक्यावरचा नळ उन्हाळ्याएवढा बारीक सोडला. गौतमने सगळे पंप सुरू केले. ताटल्या भरू लागल्या. सडेवाडीच्या बाजूने कुणीतरी टाळी वाजवली. सुचित्राने साखळी ओढली.

लाल पाणी माझ्यात शिरलं. वरून काही दिसत नव्हतं, पण काचेतून सगळ्यांना दिसत होतं. तळातून एक लाल जीभ पुढे पुढे येत होती. ती बांधाला लागली. पुढे सरकली. पहिली विहीर लाल झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. टाळी थांबली. गौतम गुडघे टेकून काचेला नाक लावून बघत होता. पंप त्याचे होते, वेळ त्याची होती. त्याने बटण बंद केलं.

मला धुऊन पुन्हा भरलं. या वेळी एकही पंप चालू नव्हता. भरती आली, लाल पाणी खाडीच्या तोंडाशीच अडलं, विहिरी स्वच्छ राहिल्या. खाजणवाडीची माणसं एकमेकांकडे बघून हसली. पण ताटल्या कोरड्या होत्या. आनंदीबाई त्या कोरड्या ताटल्यांकडे बघत होत्या, आणि सुभद्राकाकी आनंदीबाईंकडे. काकींचं हसू ओसरलं.

"असं नाय चालायचं," काकी म्हणाल्या. "उधाण काय रोज नसतं. आमावस-पुनवेला भरती जास्त. तेवढेच दिवस थांबवून बघ ना रे."

गौतमने बघितलं. मोठी भरती आली की पंप बंद, उतरली की चालू. पंप बंद असतील त्या दिवसांसाठी त्याने सड्यावर दोन वाट्या ठेवल्या, ती शेततळी. लाल जीभ येऊन अर्ध्यावर थांबली आणि सगळ्यांचा श्वास सुटला. पण भरती उतरायच्या आधीच वाट्या रिकाम्या झाल्या आणि ताटल्या सुकल्या.

"तळी लहान पडतात," गौतम स्वतःशीच म्हणाला. मग सुचित्राकडे वळला. "पावसाळ्यात तर नदी दुथडी भरून समुद्रात जाते. तेव्हा मोठी तळी भरून ठेवली तर?"

वाट्या काढून सभागृहाच्या स्वयंपाकघरातली दोन पातेली आणली गेली. आता माझ्याभोवती दोन्ही बाजूंची माणसं मिसळली होती. कोण कुठल्या वाडीचं, ते कळत नव्हतं. पुन्हा पाणी, पुन्हा भरती. पातेल्यांनी ताटल्या ओल्या ठेवल्या. लाल पाणी अडलं. दोन विहिरी स्वच्छ राहिल्या. तिसरी मात्र लाल झालीच.

गौतमने वाकून बघितलं. "हे पाणी नदीतून नाही आलं. बांधातून आलंय. इथे बांध फुटलाय."

"तो माळ्यावर खुर्ची लागून फुटला," गुणाजी म्हणाले. "बुजवायचा राहिला."

"खऱ्या गावी?" गौतमने विचारलं.

काकींनीच कबूल केलं. "गावी पण तिथेच फुटलाय. झडप पण कुजली. सगळे मुंबईला, बांधावर माती टाकायला कोण जातो?" आणि त्या हसल्या. त्यांच्यामागून आनंदीबाई हसल्या, मग सगळं सभागृह.

त्या दिवशी ठरलं ते असं. सडेवाडीने मोठी तळी खणायची आणि ती पावसाळ्यात भरायची. उन्हाळ्यातल्या उधाणाच्या दिवसांत पंप बंद. खाजणवाडीने बांध बुजवायचा आणि नवी झडप बसवायची. नदीचं ठरावीक पाणी कुणीच उचलायचं नाही, ते नदीचं. वकील नेमले गेले नाहीत.

सुनावणीला मला नेलं, पण तिथे माझं फार कौतुक झालं नाही, हेही सांगायला हवं. अधिकारी बाई हुशार होत्या. मला दोनदा चालवून बघितल्यावर त्या म्हणाल्या, "खेळणं चांगलं आहे. पण खरी नदी पत्र्याची नसते. एक उन्हाळा करून दाखवा, नदीवर आणि विहिरींवर मोजणी करा, मग बोलू." मला थोडं लागलं. पण त्यांचं बरोबर होतं.

पावसाळ्यात तळी भरली, बांध बुजवला, आणि मग तो उन्हाळा आला. वैशाखातल्या पुनवेच्या उधाणाला मंडळाच्या खोलीत इतकी माणसं जमली, की काही जण जिन्यावर बसले. मला भिंतीशी ठेवलं होतं. सकाळी गौतमचा सड्यावरून फोन आला, पंप बंद केले. दुपारी आला, एका वाडीने चोरून चालू केले होते, भांडण झालं, आता बंद आहेत. मग कितीतरी वेळ काहीच नाही. तात्या येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी काकींचा फोन वाजला. त्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. गावाहून त्यांच्या जाऊबाई बोलत होत्या.

"मोठ्या विहिरीचं पाणी प्यायले गो. गोड आहे. देवळाकडची पण गोड. खालची अजून खारटच."

"दोन तर दोन," काकी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. आनंदीबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. जिन्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, काय झालं, आणि बातमी खाली अंगणापर्यंत धावत गेली, अगदी माझ्यातल्या पाण्यासारखी.

आता ती व्यवस्था सरकारने मान्य केली आहे. खालच्या विहिरीसाठी अजून खटपट चालू आहे. वरच्या एखाद्या वाडीत अधूनमधून कुरबुर होते, मग मला बाहेर काढतात, पाणी सोडतात आणि सगळे भोवती बसून पुन्हा बघतात. मंडळ एकच राहिलं. मला शाळांतूनही बोलावणी येतात. परवा गिरगावातल्या एका शाळेत श्रेया नावाच्या मुलीने वरच्या पंपांचा ताबा घेतला आणि सम्यक नावाच्या मुलाने खालच्या विहिरींचा. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. मग श्रेया स्वतःची जागा सोडून खालच्या टोकाला गेली आणि काचेतून बघत बसली. परत वर आली तेव्हा तिने एक पंप बंद केला. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मित्रांनो, माझं मागणं थोडकं आहे. मला वापरून झाल्यावर कोरडी पुसून ठेवा, कारण मीठ पत्रा खातं. आणि तुमच्या गावची जी कुठली नदी असेल, तिच्या काठाने एकदा चाला. वरचे असाल तर खाली जा, तिथलं पाणी ओंजळीत घेऊन पिऊन बघा. खालचे असाल तर रिकामी कळशी घेऊन वर जा, ती भरा आणि डोक्यावर घेऊन चढून बघा. मग पाण्यावर हक्क कुणाचा, यावर भांडायला बसा. खुशाल भांडा. पण बसताना नदीच्या एकाच बाजूला बसा.